अनुभव धागा : पंचवीस यार्डांच्या तलावातला लेऑन मारशाँ

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चार वैयक्तिक सुवर्णपदके जिंकल्यावर फ्रेंच जलतरणपटू लेऑन मारशाँचे नाव घरोघरी पोहोचले. परंतु त्याआधी तीन हंगाम तो अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संघातून पोहत होता, याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. त्या महाविद्यालयीन कारकिर्दीचा गौरव म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी ती पाहिली किंवा तिच्यापासून काही घेतले, त्यांनी अवश्य लिहावे.

सुरुवात मीच करतो. मी तेव्हा टेम्पीत, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या गावी, एम.एस. करत होतो. तुलूजहून आलेला हा मुलगा संगणकशास्त्र शिकतो आणि विख्यात अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला शिकवतात, एवढेच मला ठाऊक होते. विद्यापीठाच्या उघड्या तलावावर, मित्राच्या आग्रहाखातर, भर उन्हात बसलो असताना भिंतीला पाय लावून तो पाण्याखाली गेला आणि इतका वेळ वर आलाच नाही की मी शेजारच्या लेनमध्ये त्याला शोधू लागलो.

ठाण्याहून, एक प्रशिक्षक : तुमची फसगत स्वाभाविक आहे. नियमानुसार पंधरा मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येते. अमेरिकी महाविद्यालयीन शर्यतींचा तलाव पंचवीस यार्डांचा, म्हणजे २२.८६ मीटरचा, त्यामुळे प्रत्येक फेरीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग डॉल्फिन किकवर (दोन्ही पाय जोडून मारलेल्या लाथांवर) काढता येतो. दमलेल्या फुप्फुसांनी शेवटच्या वळणानंतरही तेच करणे भल्याभल्यांना जमत नाही. त्याच्या चित्रफिती पाहिल्यापासून मी मुलांना वळणाचा सराव शेवटी, म्हणजे थकल्यावर, देऊ लागलो. पालकांची थोडी कुरकुर झाली.

पुण्याहून : यार्डांच्या तलावातले विक्रम मी गंभीरपणे घेत नसे. २०२३च्या जुलैत फुकुओकाला त्याने ४०० मीटर वैयक्तिक मिडले (एकाच शर्यतीत चारही प्रकारांनी पोहणे) ४:०२.५० मध्ये पोहून फेल्प्सचा २००८चा विश्वविक्रम मोडला, तेव्हा माझे मत बदलले.

इंडियानापोलिसहून : २०२२ साली दोन, २०२३ साली तीन आणि २०२४ साली तीन, अशी एनसीएएची (अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची) आठ वैयक्तिक विजेतेपदे त्याने मिळवली. त्यांपैकी २०२४च्या मार्चमधील ५०० यार्ड फ्रीस्टाइल मी पोहणाऱ्या मुलासह प्रत्यक्ष पाहिली. मिडले आणि ब्रेस्टस्ट्रोक ही ज्याची ओळख, त्याने वीस फेऱ्यांची ही शर्यत निवडावी याचेच मला नवल वाटत होते. लेनच्या टोकाला वाकून पाण्यात फेरीच्या आकड्याची पाटी धरणाऱ्यांकडे मुलगा बोट दाखवत होता. इतक्या फेऱ्या पोहणारा मोजत बसत नाही, हे मला तेव्हा प्रथम समजले. वेळ लागली ४:०२.३१, म्हणजे या शर्यतीचा नवा विक्रम. (पुण्याच्या मित्रांसाठी : वरच्या आकड्याशी किती जुळते पाहा, प्रकार आणि अंतर मात्र वेगळे.)

मला मात्र विक्रमापेक्षा त्याच स्पर्धेतील शनिवारची रात्र अधिक आठवते. अ‍ॅरिझोना स्टेटच्या पुरुष संघाने इतिहासात प्रथमच सांघिक विजेतेपद पटकावले. वैयक्तिक विजेतेपदे पूर्वीही होतीच. ज्या संघाने त्याला परदेशात सामावून घेतले, त्याचे हे देणे फिटले असे मला वाटले. थोड्याच दिवसांत बोमन टेक्सासला गेले आणि मारशाँ व्यावसायिक झाला. आम्ही पाहिली ती त्याची शेवटची महाविद्यालयीन स्पर्धा होती, हे आम्हाला नंतर कळले.