रघुजीराजांची तलवार सरकारने घेतली ते बरोबरच केलं, आता ती नागपूरला द्या

बर्डीवाला:
मी नागपूरचा, त्यामुळे जीव जरा जास्तच अडकलाय यात, आधीच सांगतो. एप्रिल २०२५ मधे लंडनला सोदबीजच्या लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली, म्हणजे ज्यांनी नागपूरकर भोसल्यांचं राज्य उभं केलं ते रघुजी, आणि महाराष्ट्र सरकारनं ती विकत घेतली. विमा, वाहतूक सगळं धरून ४७ लाख १५ हजार. ऑगस्टमधे सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार स्वतः जाऊन ती ताब्यात घेऊन आले. पक्षबिक्ष बाजूला ठेवा, मंत्र्यानं हे काम मनापासून केलंय. लिलाव अगदी तोंडावर आलेला आणि सरकारी फाईल कशी सरकते ते आपण सगळे पाहतोच, त्यात हे जमलं.

२०२४ ला लंडनच्या म्युझियममधून वाघनखं आली ती तीन वर्षांच्या करारावर, परत जाणार. ही तलवार आपली झाली. पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लिहिलंय, श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग. फोटो मोठा करकरून वाचलं मी. सेनासाहेब सुभा हा साताऱ्याच्या शाहू महाराजांनी दिलेला किताब, आणि फिरंग म्हणजे युरोपात घडवलेलं सरळ पातं. एका ओळीत मालक, हुद्दा आणि पात्याचं गाव.
माझं म्हणणं एवढंच, ती आमच्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या सरकारी म्युझियममधे, कायमची ठेवा.

साधा_करदाता:
तलवारीबद्दल आदर आहेच पण मला हे पटलेलं नाही. १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, ईस्ट इंडिया कंपनीनं नागपूरचा खजिना लुटला, त्यातच ही गेली असावी असं सगळे म्हणतात. मग आपल्याच लुटलेल्या वस्तूचे पैसे आपणच द्यायचे का? उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाची रत्नं बघा, बुद्धाच्या अस्थींसोबत निघालेली. त्याच सोदबीजनी मे २०२५ मधे हाँगकाँगला लिलाव ठेवला, केंद्रानं कायदेशीर नोटीस धाडली, लिलाव थांबला आणि जुलैत रत्नं भारतात आली. मंत्र्यानं तसं करायचं होतं. उद्या दर लिलावात आपलं सरकार पाकीट उघडतंय म्हटल्यावर भाव वाढणारच.

बर्डीवाला:
भाऊ, रत्नं परत आली पण फुकट नाही, शेवटी गोदरेज समूहानं विकत घेतली. म्हणजे पैसे मोजलेच, फक्त खिसा वेगळा. आणि तिथे १८९८ चं उत्खनन कुणी केलं, काय निघालं, सगळं कागदावर आहे. या तलवारीचा तसा कागद कुठाय? १८१७ हा अंदाजच.

मोडीवाली:
कायद्याचं थोडं सांगते. आपला पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा, युनेस्कोचा करार १९७० चा, आणि दोन्ही मागे जाऊन लागू होत नाहीत. इंग्रजांच्या काळात गेलेल्या वस्तूवर हक्क सांगायला कोर्टात उभं राहायला जागाच नसते, मग उरतं काय, तर विनंती, दबाव नाहीतर खरेदी. त्यामुळे घेतली ते ठीकच. माझी तक्रार वेगळी आहे.

गेल्या दिवाळीत मुलीला घेऊन एका जिल्ह्याच्या सरकारी संग्रहालयात गेले होते. शस्त्रांच्या दालनात चारातली एक ट्यूब चालू. काचेच्या कपाटात सात तलवारी खिळ्यांना तारेनं बांधलेल्या आणि खाली एकच पाटी, "तलवार". बास. कुणाची, कुठली, कोणत्या काळातली, काही नाही. एकीच्या पात्यावर मुठीजवळ अक्षरं होती, मी काचेला नाक लावून वाचायचा प्रयत्न केला पण वर गंज चढलेला. तिथल्या शिपायाला विचारलं तर तो बिचारा म्हणाला, ताई मी झाडायला आहे, माहिती देणारं पद रिकामंच आहे. मुलगी म्हणाली आई ही पण राजाची असेल का गं. काय सांगणार तिला.

साधा_करदाता:
हेच तर म्हणतोय मी! ४७ लाखांत किती माणसांचे पगार झाले असते.

मोडीवाली:
नाही हो, ते गणित मला मान्य नाही. तलवार घेतली नसती तर ते पैसे त्या पाटीवर खर्च झाले असते असं कोण म्हणतं? इतकी वर्षं तलवारी विकत घेतल्या नव्हत्या तरी पाट्या कुठे लागल्या. मला दोन्ही हवंय. आणि मंत्री लंडनला जाऊ शकतो तर त्या दालनातही येऊ शकतो, इतकंच मागणं आहे.

ऐरोलीकर:
नागपूरच का पण? मुंबईत ठेवली तर जास्त लोक बघतील, सुरक्षाही चांगली.

बर्डीवाला:
अहो मुंबईत सगळंच आहे की. अजब बंगला १८६३ चा, रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचा चीफ कमिशनर असताना सुरू झालेला. गोऱ्या अधिकाऱ्याला त्या काळी नागपूरला म्युझियम हवं असं वाटलं आणि आपल्याला वाटू नये? फेब्रुवारी २०२५ मधे वाघनखं तिथेच मांडली होती, म्हणजे सुरक्षेची सोय होते, करायची म्हटली की होते. सीताबर्डीचा किल्ला तिथून जवळ. पोरगं सकाळी किल्ला पाहील न् दुपारी तलवार, ते मुंबईत कसं होणार?

साधा_करदाता:
बरं, नागपूरला द्या, त्याला माझा विरोध नाही. पण रिकामी पदं भरल्याशिवाय पुढची खरेदी नको, ही माझी अट.

मोडीवाली:
अट नको, दोन्ही एकाच पत्रात मागूया. तलवार लगेच गंजते, तिला ओल सोसत नाही, त्यामुळे संवर्धनाचं शिकलेलं माणूस तिच्यासोबतच यायला हवं. शिवाय मोडी वाचणारं एक.

बर्डीवाला:
चालेल. मंत्र्यांना पत्र मी लिहितो, रविवारपर्यंत मसुदा इथेच टाकतो, सगळ्यांनी दुरुस्त्या करा. मोडीवाली ताई, त्या "तलवार" पाटीचा फोटो काढलाय का? असेल तर द्या, पत्राला जोडतो.

मोडीवाली:
आहे. काचेत माझंच प्रतिबिंब आलंय पण पाटी वाचता येते. रात्री टाकते.