चालून चालून नडगी आणि घोटा दुखतोय, उपाय सांगा

पायपीट:
रोज चालायला लागल्यापासून पाय दुखतोय. वीसेक मिनिटं झाली की सुरू होतं, घरी येऊन बसलं की कमी. सकाळी पलंगावरून पाय टेकवला की पुन्हा कळ. मलम चोळून झालं, शेकून झालं. चालणं बंद करायचं नाहीये, त्यामुळे "आराम करा" हे कृपया सांगू नका. लवकर सांगा, उद्या पहाटे परत निघायचंय.

खडूस:
पाय कमरेपासून सुरू होतो. नेमकं कुठे?

पायपीट:
शीर्षकात लिहिलंय की! उजवा. नडगीच्या खालच्या भागात, आतल्या बाजूने. आणि घोटा.

मीठपाणी:
गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसा. माझ्या आत्याचा गुडघा यानेच दुखायचा राहिला.

खडूस:
गुडघ्याचं कोणी विचारलं?

पहाटधाव:
शिन स्प्लिंट्स वाटतंय, म्हणजे ताण पडून नडगी दुखणं. मला झालं होतं. किती चालता, कधीपासून?

पायपीट:
दहा हजार पावलं. दोन आठवडे झाले. आधी काहीच नाही.

पहाटधाव:
शून्यावरून थेट दहा हजार? दमसास लवकर वाढतो हो, हाडाची ताकद मागे राहते. निम्म्यावर या, चढ टाळा, दुखणं थांबलं की थोडं थोडं वाढवा. जोडीला भिंतीला धरून टाचा उचलायच्या, सावकाश खाली आणायच्या. आणि दुखऱ्या जागी बर्फ.

उलटतपासणी:
बर्फाचं जपून. आराम-बर्फ-दाब-उंचावर पाय हे सूत्र १९७८ मध्ये रूढ करणाऱ्या डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे म्हटलं की बर्फाने भरून यायला उशीर होऊ शकतो.

पहाटधाव:
रात्री ठणकायला लागलं की मिर्किन येत नाहीत. दहा मिनिटं लावा, कळ तरी कमी होते.

आकडेमोड:
अवांतर: दहा हजार हा आकडा डॉक्टरांचा नाहीच. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं यंत्र आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मोजक. तिथून सगळ्यांच्या डोक्यात बसला.

फिजिओताई:
धागा भरकटायच्या आत दोन प्रश्न. दुखरी जागा एका बोटाने दाखवता येते की वीतभर पट्टा दुखतो? एकच बिंदू असेल, दाबल्यावर जीव जात असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, चालणं थांबवून तपासून घ्या. एकाच पोटरीला सूज, लाली, गरमपणा असेल तर इथे विचारत बसू नका, आजच डॉक्टरांकडे. दुसरं, बूट कसले?

पायपीट:
वीतभर पट्टा. सूज नाही. बूट चांगले आहेत, माळ्यावर पडून होते.

फिजिओताई:
नुसते पडून राहूनही तळ कडक होतो. टेबलावर ठेवून मागून बघा.

पायपीट:
बघितले. उजवा बाहेरच्या बाजूला कलंडतोय, टाच तिरकी झिजलीय. बायको म्हणतेय आधी जेवायच्या टेबलावरून उचला.

पहाटधाव:
दोन आठवड्यांत एवढी झीज?

पायपीट:
भावाचे होते ना. लिहायचं राहिलं.

खडूस:
नंबर तरी तुमचाच आहे का?

पायपीट:
एकाने मोठे आहेत. दोन मोजे घालतो.