गुडघा बदलल्यावर पेनकिलर कशा द्यायच्या? आई घ्यायलाच तयार नाही

नाशिकची_लेक
आईचं (वय ६९) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालंय, आता घरी आणलंय. डिस्चार्जच्या कागदावर डोलो ६५० दिवसातून तीनदा, अल्ट्रासेट दुखलं तर, रात्री प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी), रक्त पातळ ठेवायची गोळी आणि नेहमीची बीपीची टेल्मा असं आहे. पण आई दुखलं तरी सांगतच नाही, पेनकिलरने किडनी जाते नि सवय लागते हे डोक्यात पक्कं बसलंय, शेजारच्या काकूंनीही तेच भरवलंय. मग सकाळची गोळी टाळते आणि ११ ला फिजिओ येऊन पाय वाकवायला लागले की रडकुंडीला येते, काल पलंगाची कड घट्ट धरून बसली आणि पाय ताठच केला. रात्री झोप नाही. अल्ट्रासेटने मळमळतं, पोटही साफ होत नाही. बाबांच्या कंबरेसाठी आणलेली झिरोडॉल पी घरात आहे, ती दिली तर चालेल का?

मेडिकल_दुकानदार
ताई झिरोडॉल अजिबात देऊ नका. त्यात अ‍ॅसिक्लोफेनॅक आहे, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ते घेतलं तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती, आणि टेल्मा चालू असताना या वयात किडनीवर ताण येतो. म्हणजे काकू म्हणतात ती किडनीची भीती खरी आहे पण ती या जातीच्या गोळ्यांबद्दल, साध्या पॅरासिटामॉलबद्दल, म्हणजे डोलोबद्दल, नाही. त्याचा धोका जास्त झालं तर लिव्हरला. तेव्हा हिशोब ठेवा, एका अल्ट्रासेटमध्ये ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल आणि ३७.५ ट्रॅमाडॉल (जास्त कडक पेनकिलर) असतं. तीन डोलोचे १९५० आणि तीन अल्ट्रासेटचे ९७५, झाले २९२५. मोठ्या माणसाची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम धरतात पण वय झालेलं, वजन कमी, लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टर त्याच्या बरंच खाली ठेवतात. वर सर्दीची गोळी दिलीत तर त्यातही पॅरासिटामॉल निघतं बरं का.

सासूबाईंची_सून
आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे झालेत, त्याही अशाच. दुखतंय का विचारलं की "नाही गं" एवढंच. मग मी विचारणंच सोडलं, नाश्ता झाला की पाण्याचा पेला आणि गोळी हातात द्यायची आणि कॅलेंडरवर टिक करायची. ठणका चढल्यावर घेतलेली गोळी लवकर लागूच होत नाही हो, ठरलेल्या वेळेला दिली की कमीत पण भागतं. सवयीबद्दल सर्जनलाच त्यांच्याशी बोलायला लावा, मुलीचं ऐकत नाहीत त्या डॉक्टरांचं लगेच ऐकतात. आमच्या डॉक्टरांनी समजावलं की ट्रॅमाडॉल थोडे दिवसच द्यायचं असतं, आधी तीच कमी करत आणायची नि पॅरासिटामॉल मागे ठेवायचं. मळमळ रिकाम्या पोटी जास्त होते, खाऊन द्या.

फिजिओ_सातारा
११ ला फिजिओ असेल तर सकाळची गोळी सव्वादहाच्या सुमाराला पोटात गेलेली हवी, पाऊण तास मिळाला की वाकवणं सोसतं. हे पहिले आठवडे वाया गेले की गुडघा आखडतो आणि नंतर वाकवायला फार कठीण जातं, म्हणून गोळी टाळणं हा काटकपणा नाही हे आईंना नीट समजावा. व्यायामानंतर टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं. आणि गुडघ्याखाली उशी ठेवू नका, बरं वाटतं पण पाय सरळ व्हायचा राहतो, टाचेखाली ठेवा. प्रीगॅबालिन आणि ट्रॅमाडॉल दोन्हींनी गुंगी येते, तेव्हा रात्री बाथरूमला वॉकर आणि सोबत माणूस हवंच, एकटं उठू देऊ नका.

नाशिकची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जनना फोन केला, झिरोडॉलला त्यांनीही नाहीच सांगितलं. अल्ट्रासेट आता नाश्त्यानंतर आणि रात्री जेवणानंतर अशी वेळ बांधून दिली, मळमळीची गोळी आणि पोट साफ व्हायला सिरप दिलंय. सर्जन आईशी स्वतः बोलले. आज वाकवताना कण्हत होती पण पाय ताठ केला नाही. एकच विचारायचं राहिलं, पोटरी जरा सुजल्यासारखी वाटते, ते नॉर्मल का?

फिजिओ_सातारा
ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज राहते, पाय उंच ठेवला की उतरते. पण पोटरी दाबल्यावर दुखत असेल, गरम लागत असेल किंवा सूज वाढत असेल तर आजच सर्जनना दाखवा, रक्ताच्या गुठळीची शंका असते, पेनकिलर देऊन वाट बघू नका आणि तोवर पोटरी चोळू पण नका. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनबिन न करता थेट कॅज्युअल्टी. जखमेतून पाणी किंवा पू, थंडी वाजून ताप, हेही लगेच कळवायचं.