मदत हवी आहे: संग्रहालयात लोकांसाठी काम करायचंय, बडोद्याला जाऊ की कोल्हापुरातच राहू?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, वय 29. शिवाजी विद्यापीठातून इतिहासात एम.ए. केलं आणि चार वर्षांपासून एका छोट्या संग्रहालयात कंत्राटी सहायक आहे. नोंदवही लिहिणं, कपाटं तपासणं, शाळांच्या सहली आल्या की माहिती सांगणं, सगळं करते. करार अकरा महिन्यांचा, दरवर्षी नवा.

गेल्या वर्षी जागतिक संग्रहालय दिनाच्या सुमारास (तो 18 मे रोजी असतो) गल्लीतली मुलं आणि त्यांच्या आज्यांना टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेलं होतं. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या पोसायडनच्या छोट्या ब्राँझ मूर्तीची गोष्ट सांगितली. समुद्राचा ग्रीक देव, रोमन जगातून सातवाहनांच्या काळात व्यापाराच्या वाटेनं घाट चढून पंचगंगेकाठी आलेला. ब्रह्मपुरीजवळच राहणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "अगं, ती टेकडी आमच्या दारातच की! सत्तर वर्षं झाली बघतोय, कुणी सांगितलंच न्हाई." पुढच्याच रविवारी त्या शेजारच्या चौघींना घेऊन स्वतःहून गेल्या आणि गोष्टही त्यांनीच सांगितली. मला आयुष्यभर हेच काम करायचंय.

आणि खरं सांगायचं तर पुढं जाऊन संग्रहालयाची प्रमुख व्हायचंय. पाट्या कुणाला समजतील अशा मराठीत लिहायच्या, संध्याकाळी दार किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, वस्ती-शाळांपर्यंत जायचं की नाही, हे सगळं प्रमुखच ठरवतात. आमच्याकडं मी पाट्या सोप्या करून लिहून दिल्या होत्या. "तज्ज्ञांनी लिहिलंय, हात लावायचा नाही," एवढंच उत्तर आलं. त्या कागदांची फाईल अजून जपून ठेवलीय.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची बस प्रदर्शन घेऊन 2015 पासून शाळाशाळांतून फिरते. तिथं या कामाला स्वतंत्र माणसं आहेत. आपल्याकडच्या जाहिरातींत मला अभिरक्षक (म्हणजे क्युरेटर, संग्रहातल्या वस्तू सांभाळणारे), सहायक अभिरक्षक अशीच पदं दिसतात. लोकांशी जोडण्याचं काम उरलेल्या वेळात करायचं.

आता पेच असा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग 1952 पासून आहे, तिथं दोन वर्षांचं एम.ए. करावं असं मनात आहे. पण आईला संधिवात, बाबा निवृत्त. दादा म्हणतो, "परत कोल्हापूरलाच यायचं असेल तर दोन वर्षं कशाला घालवतेस?" त्याचं चुकीचं वाटत नाही, पण पटतही नाही.

या क्षेत्रातल्या ताई-दादांना विचारायचंय, ही पदवी नसेल तर वरच्या पदांची दारं खरंच बंद होतात का? अंदाजपत्रक मांडणं, विश्वस्तांशी बोलणं, देणगी मिळवणं यातलं मला काहीच येत नाही. ते नोकरीत शिकलात की बाहेर? आणि त्या आजींसारखा अनुभव अर्जात कसा मांडायचा? संख्या मागतात, आणि माझ्याकडं आहेत पाच आज्या आणि सतरा मुलं.

बडोद्याला शिकलेलं कुणी इथं असेल तर वसतिगृह आणि खर्चाबद्दलही लिहा, प्लीज. अर्ज सुरू व्हायच्या आत घरी बोलायचंय.