अनुभव धागा : युरोपातला बाळंतविडा

युरोपात मूल वाढवणारे मराठी आई-बाबा आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर येऊन घर सांभाळून जाणारे आजी-आजोबा, हा धागा तुमच्यासाठी. इथले जुन्या वळणाचे मुलांचे कपडे, पुस्तकं, पाळण्याभोवतीच्या चीजवस्तू यांतलं तुमच्या घरात खरंच काय रुळलं ते लिहा. दुकानाच्या काचेतून आवडलेलं नको. मुलाने अंगावर घातलेलं, चावलेलं, पुढच्याला दिलेलं सांगा. कुठे मिळतं, कसं टिकवायचं, हेही येऊ द्या.

सुरुवात मी करते. आम्ही म्युनिकजवळ राहतो. शेजारच्या आजींनी लेकाला त्यांच्या नातवंडांची आखूड लेडरहोज, म्हणजे चामड्याची विजार, दिली. बरीच मुलं तिच्यावर बसून घसरली असावीत, कारण मागची बाजू चकचकीत झाली आहे. इथे कोऱ्यापेक्षा अशा मुरलेल्या चामड्यालाच मान. ही विजार धुवायची नसते. चिखल वाळू द्यायचा, ब्रशने झाडायचा, झालं. सासूबाई बादलीत पावडर घालून तयार होत्या, त्यांना शेजारच्या आजींनी स्वतः येऊन अडवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण धुण्यावरून वाद घालायला भाषा लागत नाही. झाड, खडी, घसरगुंडी, कशानेही ही फाटत नाही. तक्रार एकच. पुढची झडप बटणांची असते आणि नुकतीच लंगोट सुटलेलं मूल ‘आई, शू’ म्हणाल्यावर हातात वेळ फार थोडा असतो.

उत्तरायण (श्टुटगार्ट)

होऊ घातलेल्या बाबांना सल्ला : दुकानात जाण्याआधी किंडरबाझार, म्हणजे मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचा बाजार, गाठा. वसंतात आणि शरदात गावोगावी चर्चच्या नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये भरतो. मापाप्रमाणे टेबलं लावलेली असतात, ५६, ६२, ६८. हे आकडे बाळाच्या उंचीचे, सेंटिमीटरमध्ये. महिन्यांचे समजू नका. मुटरपास, म्हणजे गरोदरपणाची नोंदवही, दाखवली की बऱ्याच ठिकाणी बाईला इतरांच्या आधी आत सोडतात. आमची ही आत, मी बाहेर रांगेत, आणि फोनवरून ‘निळा घेऊ की मोहरीच्या रंगाचा’.

घ्यायचं काय, तर लोकर-रेशमाच्या बॉडी, म्हणजे बाळाला आतून थेट अंगावर घालायचे कपडे. साधारण ७० टक्के मेरिनो आणि ३० टक्के रेशीम. ‘लोकर थेट अंगाला? पुरळ उठेल,’ असं आई म्हणाली होती. उठलं नाही. त्यावर वाल्कचा डगला. विणलेलं लोकरी कापड गरम पाण्यात घोळून आटवतात. ते इतकं दाट होतं की वारा आत शिरत नाही, कात्रीने कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत. भुरभुर पावसात खुशाल चालतं. रोज धुऊ नका, रात्री बाल्कनीत टांगा, वास वाऱ्यानेच जातो. नवा डगला खिशाला जड. बाझारात बराच स्वस्त मिळतो आणि मुलाला आखूड झाला की तिथेच विकताही येतो.

कुंदकळी (लीड्स)

मी स्मॉकिंगवर, म्हणजे चुण्यांवरच्या भरतकामावर, लिहिणार आहे, लांबेल. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, हाताने स्मॉकिंग केलेले फ्रॉक अधूनमधून मिळतात, कुणाच्या तरी आजीने केलेले. लोकांना ही राजघराण्यातल्या मुलांची फॅशन वाटते, पण मूळ इंग्लंडच्या शेतमजुरांचं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ते कामावर जो ढगळ अंगरखा घालायचे, त्याला छातीवर आणि मनगटाशी असं चुण्यांचं भरतकाम असायचं. इलॅस्टिक नव्हतं त्या काळातली ही ताणण्याची सोय! हात वर केला की चुण्या पसरतात, खाली घेतला की मिटतात.

म्हणूनच लहान मुलाला ते इतकं सोयीचं. कापड रुंदीच्या जवळजवळ तिप्पट घ्यायचं, उलट बाजूने सारख्या अंतरावर ठिपक्यांच्या ओळी आखायच्या, प्रत्येक ओळीत धावदोरा घालून सगळं ओढून घ्यायचं. मग सुलट बाजूने चुणीच्या माथ्यावर एकेक टाका. शेवटी धावदोरे उसवून काढले की कापड श्वास घेतल्यासारखं थोडं सैल होतं. माझ्या आईने कोल्हापुरात शिवणक्लासला हेच हनीकोंब शिकून माझे फ्रॉक शिवले होते. इथला फ्रॉक तिला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, ‘उलटा कर.’ आतली बाजू बघून मग पास केला.

कापडात लिबर्टीचं टाना लॉन घेऊन बघा. बारीक फुलांचं, सुती असून रेशमासारखं पडतं. महाग आहे, पण मुलीच्या फ्रॉकला लागतं कितीसं.

पुस्तकांत बिअ‍ॅट्रिक्स पॉटरची. १९०२ पासून आकार तोच छोटा, मुलांच्या हातात मावावा असा तिचाच आग्रह होता. लेक ती पर्समध्ये घालून फिरते. चित्रं गोंडस आहेत, पण पहिल्याच पुस्तकात सशाच्या बापाची पाय होऊन गेलेली असते. पाय म्हणजे खायचा, कणकेच्या आवरणातला!

प्रॅमचं, म्हणजे बाबागाडीचं, म्हणाल तर सिल्व्हर क्रॉस कंपनी आमच्याच गावची, १८७७ची. मोठ्या चाकांची जुनी प्रॅम दिसायला राजेशाही. आमच्या दारातल्या पायऱ्या आणि बसचं दार या दोघांनी ती नामंजूर केली.

तिरकस (फ्रँकफर्ट)

फारच गोड चाललंय. जरा हिंग टाकतो.

आमच्या गावच्या हाइनरिश हॉफमन या डॉक्टरने १८४४च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधलं, मनासारखं मिळेना म्हणून कोरी वही आणून स्वतःच चित्रं आणि कविता केल्या. तेच ‘श्ट्रुवेलपेटर’, पुढच्या वर्षी छापलं. अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही अंगठे शिंपी कात्रीने कापतो. सूप न खाणारा मुलगा वाळून मरतो. जर्मन मित्राने हे आम्हाला बारशाला भेट दिलं, प्रेमाने! आमचं पोर ते बघून खदाखदा हसतं, झोप माझी उडाली. वरच्या फळीवर आहे.

दुसरं, श्टाइफ कंपनीची मऊ खेळणी. मार्गारेटं श्टाइफची गोष्ट मला मनापासून आवडते. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असलेली ही शिवणकाम करणारी बाई. १८८०च्या सुमाराला तिने टाचण्या टोचायला फेल्टचा हत्ती केला आणि मुलांनी तो खेळायला पळवला. १९०२ मध्ये तिच्या पुतण्याने हातपाय हलणारं अस्वल काढलं. सगळं खरं. पण कानात बटण असलेल्या त्या अस्वलाची किंमत बघून माझ्याच कानात दडे बसले. आमच्या घरात खरी सत्ता पिक्सी पुस्तकांची. १० बाय १० सेंटिमीटर, चोवीस पानं, कॉफीपेक्षा स्वस्त, १९५४ पासून चालू. डॉक्टरकडे, ट्रॅममध्ये, उपाहारगृहात, कुठेही खिशातून काढा.

सांगलीची_आजी (मुक्काम ओस्लो)

मुलींनो, मी लेकीच्या बाळंतपणाला आले ती हिवाळ्यात. पाहते तर बाहेर बर्फ आणि ही नातीला गुंडाळून बाबागाडीत घालून अंगणात झोपवते! मी देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते. शेजारपाजारची, पाळणाघरातली सगळी मुलं अशीच झोपतात. गाडीत लोकरीचं अंथरूण, अंगाला लोकरीचा पातळ थर, त्यावर जाड थर, वरून पिशवीसारखी दुलई. मानेशी हात घालून बघायचं, ऊब आहे ना. होती. नात तिथे घरातल्यापेक्षा जास्त झोपली हे मला मान्य करावं लागलं.

मला सगळ्यात आवडला तो १७ मेचा बुनाड, म्हणजे इथला पारंपरिक पोशाख. राष्ट्रीय दिवशी मुलांची मिरवणूक निघते. लोकरी घागरा, भरतकामाची चोळी, चांदीच्या पिना, प्रत्येक भागाचा वेगळा. लहान मुलींच्या घागऱ्याला आतून भरपूर माया आणि दुमड ठेवलेली असते, मुलगी वाढेल तशी उसवून लांब करतात. आम्ही परकराला हेच करत होतो. मी तिथल्या एका आजीला घागऱ्याची कड उलटून दाखव म्हटलं, तिने हौसेने दाखवली. टाके सुरेख.

कालव्याकाठी (उट्रेख्त)

आमच्याकडे दोन गोष्टी. पहिली क्राउक, पाळण्यात ठेवायची धातूची गरम पाण्याची बाटली. बाळंतपणानंतर आठवडाभर घरी येणारी क्रामझोर्गची ताई ती भरायला शिकवते : उकळतं पाणी काठोकाठ भरून झाकण घट्ट, उलटी धरून गळते का बघायचं, जाड कापडी खोळ घालायची, बाळापासून हातभर नाही तरी वीतभर तरी लांब, झाकणाचं तोंड पायाकडे. आम्ही भरलेली बाटली तपासताना ताई फार कडक होती. एरवी बोलणारे सासरेही तिच्यासमोर गप्प उभे.

दुसरी नाइन्ट्यं, जगभर जिला मिफी म्हणतात ती सशीण. डिक ब्रूना इथलेच, १९५५ पासूनची पुस्तकं. चौकोनी, बारा चित्रं, प्रत्येक चित्रासमोर चार ओळींची यमकातली कविता. रेषा जाड, रंग मोजके. सशीण कायम तुमच्याकडेच तोंड करून बघते, दुःखाच्या पानावर फक्त एक थेंब. दीड वर्षाच्या मुलाला तेवढं पुरतं. माझं डच या पुस्तकांनी सुधारलं, कोर्सची फी वाया गेली म्हणा ना.

बर्फाळ (टांपेरे)

फिनलंडमधून फक्त खोका, होणाऱ्या आईला सरकारकडून मिळणारा. १९३८ मध्ये गरीब आयांसाठी सुरू झाला, १९४९ पासून सगळ्यांना. अट एवढीच की चौथा महिना संपायच्या आत तपासणीला जायचं. कपडे, बर्फातला सूट, दुलई, चादरी, आणि तळाशी गादी, म्हणजे खोक्यातच बाळ झोपवता येतं. खोका नको असेल तर पैसे मिळतात. पहिल्या मुलाला बहुतेक जण खोकाच घेतात. त्या वर्षीची नक्षी सगळ्यांना सारखीच, त्यामुळे बागेत कुठलं मूल कुठल्या वर्षीचं ते कपड्यावरून कळतं.

माद्रिदमावशी

स्पेनमध्ये आजी लोक पेर्ले सुताने विणतात, चमकदार, पिळाचं सूत. झबलं, चड्डी, कानावर बांधायचं टोपडं, सगळं एका रंगाचं. भावंडांना एकसारखे कपडे, रविवारी फिरायला. इस्त्री बघून माझी छाती दडपते. पण मुलींचे कान इथेही तान्हेपणीच टोचतात, त्यामुळे बारशाच्या वेळी कुणाला काही समजावावं लागलं नाही.

लाकूडतोड्या (ड्रेस्डेन)

खेळण्यांचं कुणी लिहिलं नाही? आमच्याजवळ एर्झगेबिर्गं डोंगरात झाइफेन हे खेळण्यांचं गाव आहे. तिथे लाकडी प्राणी कसे करतात ते बघायलाच हवं. स्प्रूसच्या ओल्या खोडाची चकती लेथवर फिरवून तिचं कडं करतात. खाचा कसल्या पडतायत ते फिरताना काही कळत नाही. मग कारागीर सुरी लावून हातोडीने कडं फोडतो आणि आत घोडा! पुन्हा सुरी, दुसरा घोडा. एका कड्यातून असे डझनावारी निघतात. नंतर कान-शेपटी लावून रंगवतात. मुलासमोर एक कडं विकत घेऊन घरी फोडलं, तो दिवस अजून निघतो बोलण्यात.

शिवाय शाळेच्या पहिल्या दिवशीचा शुलट्युटं, खाऊ-पेन्सिलींनी भरलेला पुठ्ठ्याचा मोठा शंकू. ही पद्धत सॅक्सनी-थुरिंगियाचीच, दोनशे वर्षं जुनी. आमच्या पूर्वेकडचा सहा कोनांचा आणि जरा उंच, पश्चिमेकडचा गोल. तळाला भडंग आणि राजगिऱ्याच्या वड्या घातल्या होत्या, वर्गात पहिल्यांदा त्याच संपल्या.

गार्गी_नवी (झ्युरिक)

सगळं वाचून लोकर घेतली. पण कसर लागते ना? भारतातून डांबरगोळ्या मागवू का?

उत्तरायण (श्टुटगार्ट)

@गार्गी, डांबरगोळ्या मुळीच नकोत. त्यांतल्या नॅफ्थलीनचा वास लागलेल्या कपड्यांनी काही बाळांना, ज्यांना जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असते त्यांना, रक्तपेशी फुटण्याचा गंभीर त्रास होतो, आणि ही कमतरता आपल्याकडच्या मुलांतही आढळते. देशातून डांबरगोळ्यांतली झबली आली तर आधी धुऊन नीट वारा द्या. लोकरीला : ठेवण्याआधी धुवा, कारण कसरीला घामाचे आणि दुधाचे डाग आवडतात. पूर्ण वाळवा, हवाबंद पिशवीत भरा. शंका असेल तर पिशवी काही दिवस फ्रीझरमध्ये. लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या बाजारात मिळतात, वास छान येतो, पण नुसत्या त्यांच्यावर विसंबू नका.