मदत हवी आहे: चालत्या नृत्यप्रयोगात सगळ्यांचा ताल एक कसा ठेवायचा?

वस्तीतल्याच रहिवाशांना घेऊन गल्ल्यांतून फिरणारा नृत्यप्रयोग बसवतोय. प्रेक्षकही बरोबर चालतात. थांब्यांवरची नृत्यं छान जमली आहेत. अडतंय ते दोन थांब्यांच्या मधे: रांग लांबते आणि मागच्यांचा ताल सुटतो.

हातगाडीवर एकच स्पीकर ठेवून पाहिला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे चालणाऱ्याला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो. शिवाय वळणावर आवाज अडतो तो वेगळाच. जागोजागी ब्लूटूथ स्पीकर दिले, तर प्रत्येकाचा उशीर निराळा. इअरफोन नकोत, दारात उभे राहून बघणाऱ्यांनाही संगीत ऐकू यायलाच हवं, प्रयोग त्यांचाही आहे.

शिकलेले नर्तक मोजकेच. बाकी शाळकरी मुलांपासून आजींपर्यंत सगळे, आणि वेग आजींचाच राहणार. परवानगी मिळाली आहे, पण रहदारी बंद नसेल. वाटेत वीज नाही.

आता चालण्याच्या टप्प्यात ध्वनिमुद्रण सोडून रांगेच्या पुढे, मधे आणि शेवटी वादक ठेवायचा विचार आहे. असं कुणी केलंय का? एकमेकांना न दिसणारे वादक वळणावर लय कशी धरून ठेवतात?