मदत हवी आहे: चोरीचा खोटा आळ, दुकानाकडून सीसीटीव्ही फुटेज कसं मिळवायचं?

बिल भरूनही दारातला अलार्म वाजला आणि दुकानाने चोरीचा आळ घेतला, असं प्रकरण आहे. काउंटरवर सिक्युरिटी टॅग काढायचा किंवा बंद करायचा राहिला की अलार्म वाजतोच. तेवढ्याने चोरी सिद्ध होत नाही. पावती, बँकेचा मेसेज जपून ठेवलाय. कबुलीजबाबावर सही नाही, ‘तडजोडीचे’ पैसेही दिलेले नाहीत.

खरी घाई फुटेजची. रेकॉर्डर भरला की जुन्या चित्रणावर नवं चढतं, मग काहीच हाती लागत नाही. म्हणून तारीख, वेळ, बिल नंबर घालून ‘काउंटर आणि दार, दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्रण राखून ठेवा’ असं पत्र मॅनेजरला द्यायचंय, पोच घेऊन. सोबत मुख्य कार्यालयालाही ईमेल करावा का? दुकानाने लेखी माफी मागायला नकार दिला, तर आधी वकिलाची नोटीस की पोलिसांत तक्रार? जाणकारांनी कृपया सांगा.